कातरण जपून ठेवावे : चित्रफितीचे संकलन आणि रंगसंस्कार

चित्रपट पाहणे आम्हां खेड्यातल्या मुलांना नवे नाही. वडिलांच्या पिढीने तो यात्रेतल्या तंबूत पाहिला, आम्ही टीव्हीवर पाहिला आणि आता मोबाइलवर पाहतो. परंतु पडद्यावर जे सलग वाहताना दिसते ते मुळात सलग नसते, कुणीतरी ते कापून, जोडून, त्याचे रंग एकसारखे करून आपल्यापुढे मांडलेले असते, ही गोष्ट महाविद्यालयात येईपर्यंत मला ठाऊक नव्हती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझे वडील, म्हणजे अण्णा, शिंपीकाम करतात. त्यामुळे कापणे आणि जोडणे हे शब्द माझ्या कानांवर लहानपणापासून आहेत. पण तेच शब्द संगणकापुढे बसून नव्याने शिकावे लागतील असे कधी वाटले नव्हते.

प्रथम वर्षाला असताना मराठीच्या सरांनी आम्हांला सांगितले, “घरातल्या एखाद्या श्रमाचे चित्रण करा. लांबचा विषय शोधू नका.” मी आजीची वाकळ हा विषय घेतला. अण्णांच्या दुकानातले उरलेले तुकडे, म्हणजे कातरण, आजी वर्षभर एका गाठोड्यात साठवायची आणि दिवाळीनंतर त्याची वाकळ शिवायला घ्यायची. वरच्या वर्गातल्या एका मित्राने कॅमेरा दिला. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस मी चित्रण केले. त्यातून नऊ मिनिटांचा लघुपट तयार झाला. तो करताना जे शिकलो आणि जे चुकलो, ते या लेखात मांडीत आहे. शिकल्यापेक्षा चुकलेलेच अधिक आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

कच्चे चित्रण म्हणजे काय?

कॅमेऱ्यातून जसे येते तसे, कुणाचाही हात न लागलेले चित्रण म्हणजे कच्चे चित्रण. इंग्रजीत त्याला फुटेज म्हणतात. फूट या मापावरून तो शब्द आला, कारण पूर्वी फिल्म फुटांत मोजली जाई. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात आणि सेकंदाला २४ चौकटी धावतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म खर्ची पडते. आता फिल्म नाही, मापही नाही, शब्द मात्र राहिला.

माझ्याजवळ १८६ तुकडे जमले होते. एकूण वेळ ३ तास १० मिनिटे. त्यातून नऊ मिनिटे घ्यायची, म्हणजे एकवीस मिनिटांतून एक मिनिट. मला हे प्रमाण भयंकर वाटले होते. पुढे वाचनात आले की ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या अमेरिकन चित्रपटासाठी सुमारे २३० तासांचे चित्रण झाले होते आणि त्याच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी तेथले प्रमाण पंच्याण्णवास एक असे नोंदले आहे. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडेही या कामाचा आरंभ घरातूनच झाला, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. त्या काळी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे अशी कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. घरचा स्वयंपाक उरकून अंधाऱ्या खोलीत फिल्म हाताळणाऱ्या त्या बाई पडद्यावर कोठेच दिसत नाहीत. संकलकाचेही तसेच असते. ज्याचे काम चांगले झाले तो दिसत नाही.

नोंद आणि निवड

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे सॉफ्टवेअर उघडून लगेच कापायला बसणे. मीही तसाच बसलो आणि दोन दिवसांत गोंधळून गेलो. अण्णा गिऱ्हाइकाचे कापड हातात आले की आधी ते पूर्ण उलगडून पाहतात, डाग आहे का, विणीत दोष आहे का ते बघतात, मगच खडू उचलतात. संकलनातही आधी सर्व चित्रण एकदा बसून पाहावे आणि प्रत्येक तुकड्याची वहीत नोंद करावी : क्रमांक, वेळ, काय दिसते, काय ऐकू येते, उपयुक्त की नाही.

यातला ‘काय ऐकू येते’ हा रकाना मी माझ्या वहीत आखलाच नव्हता. त्याचे मोल पुढे सांगेन.

दुसरी अडचण यंत्राची. आमच्या प्रयोगशाळेतला संगणक जुना. मूळ चित्रण त्यावर अडखळत चाले. यावर उपाय असा की सॉफ्टवेअरकडून प्रत्येक तुकड्याची हलकी, कमी दर्जाची प्रत करून घ्यायची. तिला प्रॉक्सी म्हणतात. सगळी कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करायची आणि शेवटी सॉफ्टवेअर तेच काप मूळ चित्रणाला लावते. शिंपी महागाच्या कापडावर कात्री चालवण्याआधी कागदाचा नमुना कापतो, तसेच हे.

मी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरले. त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळते, एवढेच त्यामागचे कारण. एके काळी ही रंगसंस्काराची यंत्रणा फक्त मोठमोठ्या स्टुडिओंनाच परवडत असे. २००९ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे साध्या संगणकावर चालेल अशी करून विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आणली. शिंप्याच्या मुलाच्या हातात ती यावी, हा काळाचाच महिमा म्हणायचा.

काप कोठे घालावा?

सॉफ्टवेअरमध्ये खालच्या बाजूला एक आडवी पट्टी असते. तिला टाइमलाइन म्हणतात. निवडलेले तुकडे क्रमाने तिच्यावर ठेवायचे आणि मागचे-पुढचे नको ते छाटायचे. प्रथम जे तयार होते ते कच्चे संकलन, म्हणजे आमच्या भाषेत टाचा घालणे. लांब लांब टाके घालून सदरा अंगावर कसा बसतो ते बघायचे. पक्की टीप नंतर मारायची.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. टाइमलाइनवर काप घातला म्हणून मूळ चित्रण कापले जात नाही. तो काप म्हणजे केवळ खडूची खूण असते. मूळ तुकडा डिस्कवर जसाच्या तसा सुरक्षित राहतो आणि काप केव्हाही मागेपुढे सरकवता येतो. मात्र त्यासाठी कापाच्या दोन्ही बाजूंना थोडे जादा चित्रण असावे लागते. अण्णा म्हणतात, “दोन बोटं माया सोड, अंगानं भरला तर उसवून वाढवता येतं.” चित्रण करतानाही कृती सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर चार-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. ती चित्रणातली माया. मी पहिल्या दिवशी ती सोडली नव्हती, म्हणून त्या दिवसाचे निम्मे तुकडे जोडताच येईनात.

काप का घालावा, याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडले. रशियात १९२० च्या सुमारास लेव कुलेशोव यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्रण घेतले आणि ते एकदा सुपाच्या वाडग्याशी, एकदा शवपेटीशी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशी जोडले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. म्हणजे दृश्याचा अर्थ दृश्यात असतो त्याहून अधिक दोन दृश्यांच्या सांध्यात असतो. ही शक्ती मोठी आहे आणि म्हणूनच धोक्याचीही आहे.

काही साध्या रीती अशा :

एक. एकाच दृश्यातला मधला भाग काढला तर चित्र टुणकन उडी मारते. ते झाकण्यासाठी मध्ये दुसरे संबंधित दृश्य घालावे. आजी बोलत असताना मी तिच्या हातांची, सुईदोऱ्याची, गाठोड्याची दृश्ये घातली. अशी दृश्ये चित्रणाच्या वेळीच भरपूर घेऊन ठेवावीत.

दोन. चित्र आणि आवाज एकाच जागी कापू नयेत. पुढच्या दृश्याचा आवाज क्षणभर आधी सुरू केला किंवा मागच्या दृश्याचा आवाज पुढच्या दृश्यावर थोडा रेंगाळू दिला, तर सांधा जाणवत नाही. टाइमलाइनवर या सांध्यांचा आकार इंग्रजी जे आणि एल या अक्षरांसारखा दिसतो, म्हणून त्यांना जे-कट आणि एल-कट म्हणतात.

तीन. दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेषा ओढावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली तर दोघे एकाच दिशेला पाहत आहेत असे वाटते. आई आणि आजी वाकळेच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मी उत्साहाच्या भरात पलीकडे जाऊन चित्रण केले आणि ते सगळे फुकट गेले.

चार. कापाचा पहिला निकष भावना. वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात काप ठरवण्याचे सहा निकष दिले आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक, १०० पैकी ५१ गुण त्यांनी एकट्या भावनेला दिले आहेत. कथेला २३, लयीला १० आणि बाकी तांत्रिक शुद्धतेला उरलेले. म्हणजे हात डावीकडे होता की उजवीकडे, हे सर्वांत शेवटी.

हा चौथा मुद्दा मी वाचला होता, पण तो कळला मात्र अण्णांमुळे. चित्रणात एके ठिकाणी आजी म्हणते, “तुझ्या बापाला शिकवायचं हुतं मला.” मग ती गप्प होते. सुई चालत राहते. अकरा सेकंदांनी म्हणते, “जाऊ दे.” मला ते अकरा सेकंद रिकामे वाटले, म्हणून मी ते छाटून एका सेकंदावर आणले. सुट्टीत घरी जाऊन अण्णांना दाखवले. ते मशीनवर बसल्या बसल्याच पाहत होते. पाय थांबवून म्हणाले, “एवढ्या झटक्यात न्हाई म्हणाली ती.”

मी बोलू शकलो नाही. अण्णांची शाळा सातवीत सुटली, ते का आणि कसे, हे त्या अकरा सेकंदांत होते. मी ते वेळ वाचवण्यासाठी काढून टाकले होते आणि माझ्या आजीच्या तोंडी तिने न म्हटलेले वाक्य घातले होते. शब्द तेच, पण बेफिकीर. परत आल्यावर मी ते अकरा सेकंद जागच्या जागी बसवले. लघुपटात आज सर्वांत लांब दृश्य तेच आहे आणि पाहणाऱ्यांना ते लांब वाटत नाही. संकलकाने शांतता छाटताना दहादा विचार करावा, एवढेच यावरून सांगतो.

रंगदुरुस्ती

संकलन पूर्ण झाल्यावर रंगांचे काम हाती घ्यायचे. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला रंगदुरुस्ती : सर्व दृश्ये नैसर्गिक आणि एकमेकांशी जुळती करणे. दुसरा रंगसंस्कार, ज्याला कलर ग्रेडिंग म्हणतात : कथेला साजेसा एकंदर भाव रंगांतून आणणे. धुऊन इस्त्री झाल्याशिवाय कपड्याला अत्तर लावू नये, तसे पहिल्या टप्प्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

दुरुस्तीची गरज का पडते? प्रकाशाला रंग असतो, हे आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कारण मन तो वजा करून पाहते. कॅमेऱ्याला ते जमत नाही. प्रकाशाच्या रंगाचे माप केल्व्हिनमध्ये मोजतात. पिवळ्या बल्बचा प्रकाश २८०० केल्व्हिनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७००० किंवा त्याहून वर. आकडा लहान तितका प्रकाश तांबूस-पिवळा, मोठा तितका निळसर. आजी सकाळी अंगणात सावलीला बसे आणि सांजेला पडवीत बल्बखाली. त्यामुळे एकच वाकळ एका दृश्यात निळसर आणि पुढच्या दृश्यात हळदीत बुडवल्यासारखी दिसू लागली. त्यात मी कॅमेऱ्याला रंगसंतुलन आपोआप ठरवू दिले होते. आई लाल लुगडे नेसून समोरून गेली की कॅमेरा बिचकून सगळे रंग बदली. नवशिक्यांनी हे संतुलन चित्रणापूर्वीच हाताने ठरवून पक्के करावे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी उजेड, मग प्रकाशाचा रंग, मग रंगांचा गडदपणा आणि शेवटी शेजारशेजारच्या दृश्यांची जुळणी. उजेडासाठी तीन चाके असतात : एक गडद भागांसाठी, एक मधल्या भागांसाठी, एक उजळ भागांसाठी. या वेळी डोळ्यांवर विसंबू नये, कारण प्रत्येक पडदा वेगळा दाखवतो आणि खोलीतल्या दिव्याचाही परिणाम होतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मापयंत्रे दिलेली असतात. वेव्हफॉर्म हा आलेख चित्रातला काळोख तळाला आणि उजेड माथ्याला दाखवतो. आलेख माथ्याला चिकटून सपाट झाला तर तेथला तपशील गेला असे समजावे. तो पुन्हा आणता येत नाही.

रंगसंतुलनासाठी चित्रातली एखादी पांढरी वा करडी वस्तू निवडायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचे की ही रंगहीन धर. मी वाकळेतला आजोबांच्या धोतराचा तुकडा निवडला आणि सगळे चित्र निळे पडले. कारण ते धोतर वर्षानुवर्षांच्या धुण्याने पिवळसर झाले होते. त्या पिवळेपणाला मी पांढरे ठरवले, तेव्हा बाकी सर्वांतून तेवढा पिवळेपणा वजा झाला. मग अण्णांच्या खडूचा तुकडा एका दृश्यात सापडला, त्याने काम भागले.

आणखी एक अडचण बिटांची. साधा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदवतो. याला आठ बिट म्हणतात. दहा बिटांच्या कॅमेऱ्यात त्याच १०२४ असतात. आठ बिटांत एकंदर सुमारे १ कोटी ६७ लाख छटा होतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण संध्याकाळचे आकाश थोडे उजळवायला जावे तर त्या पायऱ्या ताणल्या जातात आणि आकाशात पट्टे उमटतात. जुने कापड जास्त ताणले की वीण दिसू लागते, तसे. माझा कॅमेरा आठ बिटांचा होता. म्हणून त्याच्याकडून फार मागू नये, हे मी पट्टे पाहून शिकलो.

रंगसंस्कार आणि आजीचा चेहरा

रंगांनी भाव बदलतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) या चित्रपटाचे चित्रण मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्यात झाले, पण छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी संपूर्ण चित्रपट संगणकावर घेऊन ती हिरवाई वाळल्या गवतासारखी पिवळी केली. पूर्ण लांबीच्या चित्रपटावर अशा प्रकारे काम होण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. आपल्याकडे प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले होते. त्याचे रंगीत काम जर्मनीत करून घेतले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्या मंडळींना समुद्रापलीकडून येणाऱ्या निकालाची वाट पाहावी लागली. आम्ही एक चाक फिरवतो आणि निकाल तत्क्षणी पाहतो. सोय झाली तसा मोहही वाढला.

त्या मोहाला मी बळी पडलो. आजीचा रंग सावळा. उन्हातान्हात राबून चेहरा रापलेला. मला वाटले, पडद्यावर ती ‘चांगली’ दिसावी. मी तिच्या चेहऱ्याभोवती गोल खूण करून फक्त तेवढाच भाग उजळला, सुरकुत्या मऊ केल्या, थोडी गुलाबी छटा दिली. मित्रांनी वाहवा केली. संक्रांतीला घरी गेलो आणि लॅपटॉपवर आजीला दाखवले. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि आईला विचारू लागली, “ही कोण गं पाव्हणीबाई? माझी वाकळ कशापाय शिवतीया?”

सगळे हसले. आईने “अवो आत्याबाई, तुमीच की!” म्हणून समजावले. आजी म्हणाली, “मी न्हवं ती.” आणि तिळगूळ वाटायला उठून गेली.

मला हसू आले नाही. परत येऊन मी व्हेक्टरस्कोप या मापयंत्राचा नीट अभ्यास केला. ही एक गोल तबकडी असते. मध्यबिंदू म्हणजे रंगहीन. मध्यापासूनचे अंतर रंगाचा गडदपणा दाखवते आणि कोन रंगाची जात. तिच्यावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक रेषा ओढता येते. माणसाच्या त्वचेचा रंग साधारणपणे या रेषेच्या आसपासच पडतो. गोऱ्याचाही आणि काळ्याचाही. भेद असतो तो मुख्यतः उजेडाचा, रंगाच्या जातीचा फारसा नाही. हे पाहून मी थक्क झालो. माझ्या मूळ चित्रणात आजीचा चेहरा अगदी त्या रेषेवर होता. त्याला दुरुस्तीची गरजच नव्हती. मी गुलाबी छटा देऊन त्याला रेषेवरून ढकलले होते.

पुढे वाचताना कळले की अशी चूक एकट्या माझी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र देई. त्यावर गोरी स्त्री असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा चेहरा ठीक आला की यंत्र ठीक, असे मानले जाई. सावळे चेहरे त्यात काळवंडून जात आणि दोष मात्र चेहऱ्यांना लागे. ते कार्ड आता कोणी माझ्या टेबलावर ठेवले नव्हते. ते माझ्या मनातच होते, आणि सिनेमापासून मलमाच्या जाहिरातींपर्यंत सर्वांनी मिळून ते तेथे ठेवले होते. मी गोल खूण पुसून टाकली. चेहरा जसा होता तसा ठेवला, फक्त सावलीतून डोळे दिसावेत एवढा मधला उजेड किंचित वाढवला. सावळा चेहरा उजळवणे निराळे आणि त्याच्यावर पुरेसा उजेड पाडणे निराळे, हा या लेखातला माझा मुख्य मुद्दा समजावा.

जे फेकले ते

दुरुस्त केलेला लघुपट आजीला दाखवायचा राहिला. फाल्गुनात ती गेली. दोन दिवसांच्या तापाचे निमित्त झाले.

दहावा झाल्यावर मी महाविद्यालयात परतलो आणि प्रयोगशाळेत जाऊन वहीतली जुनी नोंद काढली. एका तुकड्यापुढे मी लिहिले होते : “कॅमेरा बाजेवर ठेवलेला, जमीन दिसते, टाकाऊ.” तो चौदा मिनिटांचा तुकडा होता. चित्र जमिनीचे होते, पण कॅमेरा बंद करायला मी विसरलो होतो आणि शेजारी बसून आजी मला वाकळेतला एकेक तुकडा बोटाने दाखवीत सांगत होती. हा तुझ्या आईच्या लग्नातल्या चोळीचा, हा तुझ्या बारशाच्या झबल्याचा, हा तुझ्या आत्याच्या परकराचा. मला एवढेच आठवते. सर्व तुकडे आठवत नाहीत.

तो आवाज आता नाही. डिसेंबरात डिस्कवर जागा कमी पडली, तेव्हा मी टाकाऊ म्हणून नोंदलेले पासष्ट तुकडे मूळ फोल्डरमधूनच पुसले होते आणि कचरापेटीही रिकामी केली होती. कॅमेऱ्याचे कार्ड केव्हाच मित्राकडे परत गेले होते आणि त्यावर त्याचे नवे चित्रण झाले होते. वर सांगितले तसे सॉफ्टवेअर मूळ चित्रणाला कधी कापत नाही. ते मी माझ्या हाताने कापले.

नाश काही एकट्या माझ्याच घरी झाला असे नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळे जळून गेली. परंतु तेथे आग तरी लागली होती. माझ्याकडे फक्त एक बटण होते.

म्हणून माझ्या मित्रांना चार गोष्टी सांगतो. चित्रण झाले की त्याच दिवशी दोन निराळ्या डिस्कवर प्रती कराव्यात आणि त्यांतली एक निराळ्या ठिकाणी ठेवावी. प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. प्रत्येक तुकडा एकदा डोळे उघडे ठेवून पाहावा आणि एकदा डोळे मिटून ऐकावा. आणि लघुपट पूर्ण झाला तरी उरलेले चित्रण फेकू नये, कारण काय टाकाऊ आहे हे ज्या दिवशी आपण ठरवतो त्या दिवशी आपल्याला पुरेसे ठाऊक नसते.

समारोप

संकलन आणि रंगसंस्कार ही केवळ हातोटीची कामे आहेत असे समजून मी त्यांच्याकडे वळलो. आता वाटते, ही निवाड्याची कामे आहेत. कोणाचे बोलणे किती वेळ चालू द्यायचे, कोणाची शांतता राखायची, कोणाच्या चेहऱ्याला कोणता रंग योग्य मानायचा, याचा निवाडा संगणकापुढे बसलेला माणूस एकट्याने करतो आणि ज्याच्याविषयी तो होतो ते माणूस बहुधा तेथे नसते. तंत्र कोणालाही चार महिन्यांत येते. मला आले, म्हणजे कोणालाही येईल. निवाड्याला मात्र घरच्या माणसांचे कान आणि डोळे लागतात. अण्णांनी आणि आजीने मला ज्या दोन चुका दाखवल्या, त्या कोणत्याच मापयंत्रावर दिसल्या नव्हत्या.

आजीची वाकळ अर्धी राहिली होती. ती आईने पुरी करायला घेतली आहे. गाठोड्यातले कातरण अजून संपलेले नाही. या खेपेला गेलो तेव्हा मी कॅमेरा तिवईवर ठेवला, संतुलन हाताने पक्के केले, आवाजाची यंत्रणा वेगळी लावली आणि आईला म्हटले, “यातले कोणते तुकडे कशाचे, तुला आठवतात का?” तिला सगळेच आठवत नव्हते, पण सात-आठ आठवले. मी ते वहीत उतरवून घेतले आणि चित्रणाच्या दोन प्रती केल्या.

(द्वितीय वर्ष, कला)